एकाच सामन्याचा पिचर

बेसबॉलच्या आकडेवारीत बर्ट शेपर्ड या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या गोलंदाजाच्या, नावापुढे एकच ओळ आहे. वर्ष 1945. संघ वॉशिंग्टन सेनेटर्स. सामने 1. इनिंग (तीन बॅटर बाद होईपर्यंतचा डाव) पाच आणि वर एक तृतीयांश, हिट 3, वॉक 1, स्ट्राइकआउट 2, धाव 1. सरासरी, म्हणजे दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, 1.69. पिचरची सरासरी जितकी कमी तितका तो चांगला, आणि दोनच्या आतली सरासरी म्हणजे फारच वरचं काम. अर्थात एका सामन्याच्या सरासरीवरून कुणाची पारख होत नाही, हे बेसबॉल बघणारं कुठलंही पोर सांगेल. त्या ओळीत जे लिहिलेलं नाही ते असं, की 4 ऑगस्ट 1945 ला हा माणूस माउंडवर, म्हणजे पिचरच्या मातीच्या उंचवट्यावर, उभा राहिला तेव्हा त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कृत्रिम होता. खरा पाय जर्मनीत कापला गेला, त्याला सव्वा वर्षही पुरतं झालं नव्हतं.

अमेरिकेत ही गोष्ट फार प्रेमानं सांगितली जाते आणि सांगणारे बहुतेक जण त्या सामन्याशी येऊन थांबतात. लढाऊ वैमानिक, युद्धकैदी, मग मोठ्या लीगचं, म्हणजे सर्वोच्च पातळीच्या बेसबॉलचं, मैदान आणि उभं राहून टाळ्या वाजवणारे प्रेक्षक. वाचताना माझाही कंठ दाटतो. पण माझं मन अडकतं ते दुसऱ्या दिवशी, 5 ऑगस्टला. त्या दिवशीही वॉशिंग्टनचे सामने होते. सप्टेंबरातही होते. शेपर्ड संघाबरोबरच होता, धडधाकट होता, आणि त्याच्या हातात पुन्हा चेंडू दिला गेला नाही. असं का झालं, याचा विचार मी बरीच वर्षं करत आलो आहे, आणि आज तोच इथे मांडायचा आहे.

आधी तो काळ. पर्ल हार्बरनंतर बेसबॉल चालू ठेवायचं की बंद करायचं, असा प्रश्न लीगचे आयुक्त न्यायमूर्ती लँडिस यांनी थेट राष्ट्राध्यक्षांना विचारला होता. रूझवेल्ट यांनी 15 जानेवारी 1942 च्या पत्रात उत्तर दिलं की खेळ चालू राहण्यातच देशाचं भलं आहे. लोकांना आता जास्त तास राबावं लागेल, त्यांना विरंगुळा हवा. मात्र लष्करात जाण्याजोगे खेळाडू जातीलच, हेही त्यांनी त्याच पत्रात स्पष्ट केलं. आणि ते गेले. मोठ्या लीगमधले पाचशेहून अधिक खेळाडू गणवेशात गेले. टेड विल्यम्स गेला, जो डिमॅजिओ गेला, बॉब फेलर तर पर्ल हार्बरच्या दुसऱ्याच दिवशी नौदलात भरती होऊन मोकळा झाला. रेल्वेवरचा भार कमी करायचा म्हणून संघांनी सरावासाठी फ्लोरिडाला जाणंही बंद केलं. वॉशिंग्टनचा संघ शेजारच्या मेरीलँडमध्ये, कॉलेज पार्कला, थंडीत कुडकुडत सराव करू लागला.

रिकाम्या झालेल्या जागा भरायच्या कुणी? पोरांनी, म्हाताऱ्यांनी, लष्करानं नाकारलेल्यांनी. सिनसिनाटीनं जून 1944 मध्ये जो नक्सहॉल नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाला माउंडवर उभं केलं. त्यानं जेमतेम दोन बॅटर बाद केले, पाच धावा दिल्या आणि पुढची आठ वर्षं तो मोठ्या लीगमध्ये दिसला नाही. (1952 मध्ये परत आला आणि कारकीर्दीत 135 सामने जिंकून गेला. सगळ्यांच्याच नशिबी असा दुसरा अंक नसतो.) सेंट लुइस ब्राउन्सनं 1945 मध्ये पीट ग्रेला घेतलं. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखातला हा मुलगा. लहानपणीच अपघातात उजवा हात गेला होता. डाव्या हातानं चेंडू झेलायचा, ग्लोव्ह झटक्यात उजव्या काखेत सारायचा, चेंडू मोकळा करायचा आणि त्याच हातानं फेकायचा; हे सगळं त्यानं इतकं घोटलं होतं की डोळ्यांनी टिपणं अवघड. आदल्या वर्षी मेम्फिसकडून तो आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. मोठ्या लीगमध्ये तो 77 सामने खेळला, बॅटिंगची सरासरी .218. पिचरांना लवकरच त्याची नाडी सापडली, आणि युद्ध संपताच त्याचीही जागा गेली. आपल्याला खेळाडू म्हणून घेतलंय की तिकिटं खपवायला, हा सल ग्रेला होता. तो अगदी साधार होता, असं मला वाटतं.

शेपर्ड या दोघांपेक्षा वेगळ्या वाटेनं आला. जन्म 28 जून 1920, इंडियाना राज्यातलं डेना. हे गाव चिमुकलं, पण सैनिकांच्या खंदकात बसून लिहिणारा प्रसिद्ध युद्धवार्ताहर एर्नी पाइल याच गावाचा. शेपर्ड डावखुरा पिचर होता. युद्धाआधी खालच्या लीगमध्ये या गावातून त्या गावात फिरत खेळत होता. चेंडूला वेग होता, दिशेवर ताबा कमी होता. हे मुद्दाम सांगतो, कारण त्याच्याबद्दल लिहिताना त्याला हुकलेला महान पिचर ठरवण्याचा मोह होतो. तसं नव्हतं. वरच्या लीगचं दार ठोठावत असलेल्या शेकडो पोरांपैकी तो एक होता.

1942 मध्ये तो लष्करात गेला आणि पी-38 लाइटनिंग या दोन इंजिनांच्या लढाऊ विमानाचा वैमानिक झाला. इंग्लंडमधल्या वर्मिंगफर्ड तळावरचा 55 वा फायटर ग्रुप हा त्याचा. 21 मे 1944 ला, रविवारी, तो चौतिसाव्या मोहिमेवर निघाला. हॅम्बर्गच्या पूर्वेला लुडविग्सलुस्टजवळ एका जर्मन धावपट्टीवर अगदी खालून मारा करत असताना विमानभेदी तोफांचा तुकडा त्याच्या उजव्या पायात घुसला. विमान शेतात जाऊन आदळलं. शुद्ध हरपलेल्या शेपर्डवर गावकरी शेतीची हत्यारं घेऊन धावून गेले. रोज डोक्यावर बॉम्ब झेलणारी ती माणसं होती; त्यांचा संतापही समजण्याजोगा आहे. जर्मन हवाई दलाचा एक डॉक्टर मध्ये पडला, त्यानं पिस्तूल काढून त्यांना मागे सारलं आणि जखमी शत्रूला इस्पितळात पोचवलं. शेपर्डला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो शुद्धीवर आला तेव्हा पाय गेलेला होता.

तो पाय गुडघ्याखाली कापला होता, म्हणजे गुडघा शाबूत होता. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. डावखुरा पिचर डाव्या पायानं माउंडवरची पट्टी रेटतो, त्या पायातून निघालेला जोर कमरेतून, पाठीतून, खांद्यातून हातात येतो, आणि चेंडू सुटता सुटता अंगाचा सगळा भार पुढे टाकलेल्या उजव्या पायावर येऊन आदळतो. आपल्याकडे वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय क्रीजवर जसा आपटतो तसाच. शेपर्डचा रेटणारा पाय खरा होता, झेलणारा पाय गेला होता. जोर काढायला अडचण नव्हती. तो जोर एका निर्जीव घोट्यावर, न डळमळता, प्रत्येक चेंडूला पेलायचा होता. आणि पेलून झाल्यावर लगेच सावरून उभं राहायचं, कारण चेंडू टाकला की पिचर क्षेत्ररक्षक होतो. एखाद्या बॅटरनं बॅट नुसती आडवी धरून चेंडू पायाशी सोडला, म्हणजे बंट केला, तर पिचरनंच धावत जाऊन तो उचलायचा असतो.

शिकागो व्हाइट सॉक्सचा मॉन्टी स्ट्रॅटन याच्या उलट होता. तो उजखोरा, आणि 1938 मध्ये शिकारीच्या अपघातात त्याचा उजवा, म्हणजे रेटणाराच पाय गेला. तरी 1946 मध्ये टेक्ससच्या एका खालच्या लीगमध्ये त्यानं 18 सामने जिंकले. मोठ्या लीगमध्ये मात्र तो पुन्हा कधी पिचिंग करू शकला नाही. माणूस कशाकशावर मात करतो हे बघितलं की मला नेहमी वाटतं, आपण या गोष्टी फार चटकन जिद्दीच्या खात्यात जमा करतो. जिद्द असतेच. पण स्ट्रॅटन काय, ग्रे काय, शेपर्ड काय, यांनी खेळाचं तंत्र नव्यानं उलगडून मांडलं होतं. पाऊल किती पुढे टाकायचं, वळायचं कुठल्या बाजूनं, तोल कधी सोडायचा. हे कसबाचं काम आहे, आणि कसबाला कसबासारखीच दाद मिळायला हवी.

युद्धकैद्यांच्या छावणीत डॉन एरी नावाच्या कॅनेडियन सहकैद्यानं मिळेल त्या सामानातून शेपर्डला पाय बनवून दिला. या माणसाचं नाव शेपर्डच्या गोष्टीत एका वाक्यात येऊन जातं. मला तो तिथला सगळ्यात मोठा माणूस वाटतो. त्या पायावर शेपर्ड चालायला शिकला, मग पळायला, आणि छावणीतच चेंडू टाकून बघू लागला. फेब्रुवारी 1945 मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत तो मायदेशी परतला आणि वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात आला. युद्धखात्याचे उपमंत्री रॉबर्ट पॅटरसन परतलेल्या कैद्यांची विचारपूस करत होते. पुढे काय करायचंय, असं त्यांनी विचारल्यावर शेपर्डनं सांगितलं, विमान चालवता येणार नसेल तर बेसबॉल खेळायचंय. पॅटरसन यांनी सेनेटर्सचे मालक क्लार्क ग्रिफिथ यांना फोन लावला. मार्चमध्ये नवा पाय बसला आणि काही दिवसांतच शेपर्ड कॉलेज पार्कच्या सरावात दाखल झाला. छायाचित्रकार धावले, न्यूजरील निघाल्या, वर्तमानपत्रांनी मथळे दिले. ग्रिफिथ यांनी त्याला प्रशिक्षक म्हणून संघात ठेवून घेतलं; तो सरावात बॅटरांना चेंडू टाकायचा, आणि हातपाय गमावलेल्या सैनिकांना भेटायला रुग्णालयांत जायचा. 10 जुलैला युद्धनिधीसाठी ब्रुकलिन डॉजर्सविरुद्ध प्रदर्शनीय सामना झाला. त्यात शेपर्डनं सुरुवातीच्या चार इनिंग टाकल्या आणि वॉशिंग्टन जिंकलं.

इथे मला आमच्या तात्यांबद्दल बोलायला हवं. तात्या माझ्या आईचे चुलतभाऊ, सातारा जिल्ह्यातले. आमच्या त्या भागात फौजेत माणूस नाही असं घर शोधावं लागतं. 1971 च्या लढाईत तात्यांचा पाय सुरुंगावर पडला. पुण्याच्या लष्करी कृत्रिम अवयव केंद्रात त्यांना नवा पाय बसवला. हे केंद्र सुरू झालं 1944 साली, दुसऱ्या महायुद्धात जायबंदी होऊन परतणाऱ्या हिंदी सैनिकांसाठी. म्हणजे शेपर्डचा पाय गेला त्याच वर्षी पुण्यात असे पाय बनवायला सुरुवात झाली होती, आणि पुढे तात्यांसारखे किती जण तिथून चालत घरी गेले. गावानं तात्यांची बैलगाडीतून मिरवणूक काढली होती. फेटा, हार, नारळ. दर 15 ऑगस्टला शाळेत ध्वजवंदनाला पहिली खुर्ची त्यांची. तात्या फौजेत इंजिनांवर काम केलेले. गावच्या पाणीपुरवठा संस्थेत पंप चालवायला माणूस हवा होता, म्हणून त्यांनी अर्ज केला. संस्थेची मंडळी घरी आली, चहा प्यायली आणि म्हणाली, ‘तात्या, तुम्ही कशाला दगदग करता, तुम्ही आमच्या गावाचं भूषण.’ काम दुसऱ्याला मिळालं. त्या वेळी मी लहान होतो. अंगणात बसून ते आईला म्हणाले ते मला अजून ऐकू येतं, ‘आक्का, झेंड्याला बोलावत्यात गं मला. पंपाला न्हाई बोलवत.’ पुढे त्यांनी कर्ज काढून पिठाची गिरणी टाकली आणि म्हातारपणापर्यंत उभ्यानं चालवली.

शेपर्डची 1945 सालची हकिगत मी वाचतो ती तात्यांच्या या वाक्यातून. मला दुसऱ्या कुठल्या नजरेनं ती वाचताच येत नाही.

तर 4 ऑगस्ट, शनिवार. ग्रिफिथ स्टेडियमवर बोस्टन रेड सॉक्सशी दुहेरी सामना, म्हणजे एकाच दिवशी एकामागून एक दोन सामने. त्या आठवड्यात असे दुहेरी सामने रांगेनं आले होते आणि वॉशिंग्टनचे पिचर थकले होते. दुसऱ्या सामन्याच्या चौथ्या इनिंगमध्ये सगळं कोसळलं. क्यूबाहून आलेला पिचर सँडी उलरिक मार खाऊन परतला. त्याच्या जागी जो क्लिअरी आला. हा मूळचा आयर्लंडमधल्या कॉर्कचा, वाढलेला न्यूयॉर्कमध्ये, आणि मोठ्या लीगमधला त्याचा हा पहिलाच सामना. त्यानं एक बॅटर बाद केला आणि तेवढ्यात त्याच्या खात्यावर सात धावा लागल्या. बोस्टनच्या टॉम मॅकब्राइडनं त्या एका इनिंगमध्ये सहा धावा मिळवून दिल्या, लीगच्या विक्रमाशी बरोबरी केली. इनिंगमध्ये बोस्टनच्या बारा धावा झाल्या होत्या, एकूण चौदा. तरी तिन्ही बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचे टप्पे, बोस्टनच्या धावपटूंनी भरलेलेच. दोन बाद. सामना केव्हाच हातचा गेला होता. मॅनेजर ऑसी ब्लूजी यांनी शेपर्डला बोलावलं.

समोर जॉर्ज मेटकोविच होता. शेपर्डनं त्याला स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू मारू न देताच बाद, केलं आणि ती न संपणारी इनिंग संपवली.

इथेच त्याला बाहेर काढलं असतं, तर तो सोहळा झाला असता आणि सगळे सुखानं घरी गेले असते. पण बाकीचे पिचर वाचवायचे होते, म्हणून तो पुढेही टाकत राहिला. पाचवी, सहावी, सातवी, आठवी, नववी. पाच पूर्ण इनिंग. ज्या बॅटरांनी थोड्या वेळापूर्वी एका इनिंगमध्ये बारा धावा कुटल्या होत्या, त्याच बॅटरांना पुढच्या पाच इनिंगमध्ये मिळून एक धाव मिळाली. मला या सामन्यात सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच लांबलचक, बातमीत न मावणारा भाग. मेटकोविचला टिपणं हा एक क्षण होता. त्याच्यामागे टाळ्यांचं बळ होतं, अंगात शिरशिरी होती. सातव्या इनिंगमध्ये तसलं काही नसतं. प्रेक्षक पांगू लागलेले असतात, धावफलकावरचं अंतर तसंच असतं. कृत्रिम पायात कापलेला भाग घासत असतो, ऑगस्टचा घाम असतो, आणि पुढचा बॅटर येऊन उभा राहतो. तिथे दर चेंडूला माणूस नुसता पिचर असतो. वॉशिंग्टन 15-4 असं हरलं.

क्लिअरीसाठीही तो मोठ्या लीगमधला पहिला आणि शेवटचा सामना ठरला. एक बॅटर बाद आणि सात धावा, याचं गणित मांडलं की सरासरी निघते 189.00. एकाच इनिंगमध्ये, पाठोपाठ, एकाच मातीच्या उंचवट्यावर दोन जण आले आणि दोघांनाही पुन्हा संधी मिळाली नाही. एकाची ओळ पुस्तकात कायमची लाजिरवाणी झाली, दुसऱ्याची कायमची झळझळीत. क्लिअरीचं मला शेपर्डइतकंच वाईट वाटतं. त्याला पिचर म्हणून कमी लेखण्याइतका पुरावा एका बादात सापडत नाही, आणि शेपर्डला मोठा ठरवण्याइतका पुरावा सोळा बादांतही नाही. दोघांनाही आणखी टाकायला मिळायला हवं होतं.

दोनच दिवसांनी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. ऑगस्टच्या मध्याला जपाननं शरणागती पत्करली. युद्धावर गेलेले खेळाडू परतू लागले, आणि ज्या पोकळीतून शेपर्डला आत यायला फट सापडली होती ती भराभर बुजू लागली. 31 ऑगस्टला ग्रिफिथ स्टेडियमवरच, दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, त्याला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक देण्यात आलं. नॉर्मंडीत अमेरिकी फौजांचं नेतृत्व केलेले जनरल ओमर ब्रॅडली स्वतः ते लावायला आले होते. मैदान तेच, माणूस तोच. पदक घ्यायला तो मैदानाच्या मधोमध उभा राहिला, आणि सामना सुरू झाल्यावर बाकावर जाऊन बसला.

ब्लूजींची बाजू मी डावलत नाही. त्या वर्षी वॉशिंग्टन अजिंक्यपदाच्या शर्यतीत होतं आणि त्यांचे चार मुख्य पिचर, डच लेनर्ड, रॉजर वुल्फ, मिकी हेफनर, जॉनी निगेलिंग, चौघंही नकलबॉल, म्हणजे जवळजवळ न फिरता हेलकावत जाणारा चेंडू, टाकणारे, वर्षभर भरवशाचे ठरले होते. चुरशीच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यांनी मुद्दाम बंट करून शेपर्डला पळवलं असतं, ही भीतीही खोटी नव्हती. मॅनेजरनं हातातल्या खात्रीच्या माणसावर भिस्त ठेवली, यात वावगं काय? एवढंच, की खात्री ही माणसाला मैदानात उतरवूनच होत असते. जो एकदा उतरला आणि जमवून गेला, त्याला दुसऱ्यांदा उतरवून बघितलंच नाही. आणि तो हंगाम वॉशिंग्टननं किती थोडक्यात गमावला! डेट्रॉइट टायगर्स 88 विजय, वॉशिंग्टन 87; पराभवही धरले तर गुणतक्त्यात अंतर दीड सामन्याचं. स्टेडियम फुटबॉलला भाड्यानं दिलेलं असल्यामुळे वॉशिंग्टनचे सामने आठवडाभर आधीच संपले होते आणि खेळाडू डेट्रॉइटच्या निकालाकडे डोळे लावून बसले होते. लष्करातून जुलैत परतलेल्या डेट्रॉइटच्या हँक ग्रीनबर्गनं 30 सप्टेंबरला सेंट लुइसमध्ये भरल्या बेसवर होमरन, म्हणजे एका फटक्यात चार धावा, ठोकला आणि विषय संपला. त्यानंतर वॉशिंग्टन शहराला लीगचं विजेतेपद मिळालं ते थेट 2019 मध्ये, आणि तेही वेगळ्याच संघाला. शेपर्डला दोन-तीन सामने मिळते तर निकाल फिरला असता, असा माझा दावा नाही. पण एका विजयाचीही किंमत इतकी होती त्या वर्षी, बाकावर बसलेल्या माणसाची ती शक्यता तपासून बघायलाच हवी होती.

हे शक्य होतं, याचा दाखला लू ब्रिसी. साउथ कॅरोलायनाचा हा डावखुरा पिचर डिसेंबर 1944 मध्ये इटलीत तोफगोळ्यानं जखमी झाला, डाव्या नडगीच्या हाडाच्या ठिकऱ्या उडाल्या. पाय कापू नका म्हणून तो डॉक्टरांच्या पाया पडला. तेवीस शस्त्रक्रिया झाल्या. फिलाडेल्फिया अॅथलेटिक्सचे मॅनेजर कॉनी मॅक यांनी त्याला शब्द दिला होता, आणि पायाला धातूचा आधार बांधून आलेल्या ब्रिसीच्या हाती त्यांनी खरोखर चेंडू दिला. पुन्हा पुन्हा दिला. 1948 मध्ये ब्रिसीनं 14 सामने जिंकले, 1949 मध्ये 16, आणि त्याच वर्षी तो ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या, सामन्यात खेळला. ब्रिसीचा पाय जागेवर होता, शेपर्डचा नव्हता, हा फरक मोठा आहे. तो बाजूला ठेवूनही एक फरक उरतो: मॅक हरायलाही तयार होते. ब्रिसीला कुणी झोडपलं तर झोडपू दे, तो पिचर आहे, पिचरांना मार बसतो. शेपर्डला असा मार खाऊ द्यायला कुणी धजावत नव्हतं. देशाच्या लाडक्या जखमी वीराला भरल्या मैदानात धावा पडलेल्या कुणाला बघायच्या नव्हत्या. त्याच्यावरच्या त्या प्रेमानंच त्याला बाकावर बसवून ठेवलं, असं माझं मत आहे. आणि चौदा धावा आधीच पडलेल्या सामन्यातच त्याला का उतरवलं, याचंही उत्तर मला त्यातच दिसतं. तिथे त्याच्यामुळे बिघडण्यासारखं काही शिल्लक नव्हतं.

1946 मध्ये सगळे नावाजलेले खेळाडू परतले आणि शेपर्ड खालच्या लीगमध्ये, चॅटनूगाला गेला. पायावर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, त्या लांबल्या, ऐन उमेदीची वर्षं त्यात गेली. तरी 1949 मध्ये कनेक्टिकटमधल्या वॉटरबरीचा तो खेळणारा मॅनेजर होता. पिचिंग करायचा, पहिल्या बेसवरही उभा राहायचा. तिथे त्याला कोण खेळवणार नाही म्हणणार? संघात कोण खेळणार हे तोच ठरवत होता. 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो अधूनमधून खेळत राहिला. पुढे आयबीएममध्ये, ह्यूज एअरक्राफ्टमध्ये नोकरी केली, सुरक्षा अभियंता झाला. अवयव गमावलेल्यांची राष्ट्रीय गोल्फ स्पर्धा त्यानं 1968 आणि 1971 मध्ये जिंकली.

त्याला शेतातून उचलणारा तो डॉक्टर ऑस्ट्रियाचा होता, नाव लादिस्लाउस लॉइडल. आपण वाचवलेला अमेरिकी वैमानिक पुढे जगला की नाही, हे त्याला जवळजवळ पन्नास वर्षं ठाऊक नव्हतं, आणि आपल्याला कुणी वाचवलं हे शेपर्डला ठाऊक नव्हतं. शिकारीच्या निमित्तानं लॉइडलशी ओळख झालेल्या एका इंग्रज गृहस्थानं धागे जुळवले आणि 1993 मध्ये दोघं म्हातारे ऑस्ट्रियात भेटले. या भेटीचं चित्रण झालं, आणि शेपर्डचं नाव लोकांना नव्यानं आठवलं. 16 जून 2008 ला कॅलिफोर्नियात तो गेला, अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाला बारा दिवस उरले असताना. मृत्युलेख पुष्कळ आले. मथळ्यांत पाय होता.

मला तो भेटला असता तर मी पायाबद्दल विचारलं नसतं, ते त्याला आयुष्यभर सगळ्यांनी विचारलं असेल. मी विचारलं असतं की तिन्ही बेस भरलेले, दोन बाद, समोर मेटकोविच, तेव्हा कॅचरनं खूण कुठल्या चेंडूची केली होती, वळणाऱ्या कर्व्हची की वेगवान फास्टबॉलची, आणि तुम्ही ती मानलीत का?